चाक जरा फिरवून पाहा

मी काचपट्टी बोलतेय. लांबी तीन इंच, रुंदी एक इंच, जाडी तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडीशी जास्त. माझ्या अंगावर जांभळ्या-गुलाबी रंगाचा एक डाग आहे, डाळिंबाच्या दाण्याएवढा. तो डाग म्हणजे एका बाईच्या गर्भाशयमुखाचा तुकडा. ती बाई जिवंत आहे. निदान मी तसं धरून चालते.

सध्या मी एका डोंगराच्या पोटात आहे. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर खडक पोखरून केलेलं हे कोठार आहे. त्यात लोखंडी कपाटं, कपाटांत खण आणि खणांत आम्ही. माझ्या दोन्ही बाजूंना माझ्यासारख्याच काचा उभ्या आहेत. आम्ही एकमेकींना चिकटू नये म्हणून मध्ये खाच ठेवली आहे, अर्ध्या मिलिमीटरची. इतक्या जवळ असून इतकं एकटं राहण्याची शिक्षा माणसांनी आणखी कुणाला दिली असेल, असं मला वाटत नाही.

बोलायला मला फार काळ मिळणार नाही असं नाही. काळ भरपूर आहे. पण मला घाई आहे, कारण मला जे सांगायचंय ते कुणीतरी आत्ता, आजच ऐकायला हवंय.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. वितळलेली काच लांब पट्ट्यांत ओढली गेली, कापली गेली, कडा घासल्या गेल्या. एक टोक मुद्दाम खरखरीत केलं, म्हणजे त्यावर लिहिता यावं. मग आम्हा पन्नास जणींना एका डब्यात घातलं, मध्येमध्ये पातळ कागद. त्या डब्यात मी पहिल्यांदा आणि शेवटची इतक्या जणींना खेटून होते. आम्ही सगळ्या कोऱ्या होतो. कोऱ्या काचेला दुःख नसतं. तिच्यातून आरपार दिसतं, बस.

डबा उघडला तो ऑडवेगने.

ऑडवेग म्हणजे किनाऱ्यावरच्या एका लहान रुग्णालयातल्या प्रयोगशाळेची तंत्रज्ञ. एकसष्ट वर्षांची, केस कातरलेले, चष्मा दोरीने गळ्यात. चौतीस वर्षं ती एकच काम करत होती. शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाचे केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर सोडायचे आणि माझ्यासारखीला पाण्यात तिरपी घालून काप अलगद वर उचलायचा. कामात असली की ती नाकातल्या नाकात गुणगुणायची. तिच्या डब्यातल्या पावाच्या कापांमध्येही पातळ कागद घातलेला असायचा. इथे सगळेच तसा डबा आणतात, पण मला ते फार जवळचं वाटायचं. काप म्हटला की मध्ये कागद हवाच, हे या लोकांना जन्मतः कळतं.

त्या दिवशी तिने मला पाण्यात घातलं तेव्हा मेणाचा काप माझ्या अंगावर येऊन बसला. इतका हलका, की आला कधी ते कळलं नाही. मग मला उबेत ठेवलं, मेण वितळवलं, निळ्या रंगात बुडवलं, गुलाबी रंगात बुडवलं, वर एक पातळ काच चिकटवली. आणि मी कोरी राहिले नाही. माझ्यात आता कुणाचं तरी घर होतं. नाव नव्हतं. खरखरीत टोकावर फक्त क्रमांक होता, चार एक एक सात.

त्या ताटलीत माझ्याबरोबर आणखी काही काचा होत्या, सगळ्या गर्भाशयमुखाच्याच. त्यांची ओळख करून देते, कारण त्यांच्यावाचून माझी गोष्ट कळणार नाही.

गर्भाशयाच्या मुखाशी ग्रंथी असतात. त्यांचं काम साधं, ओलावा तयार करायचा. पण या ग्रंथी फार नाटकी. एखादीचं तोंड बंद झालं की ती आत साचत राहते आणि पाण्याच्या थेंबासारखी फुगते. माझ्या डावीकडच्या काचेवर असेच तीन थेंब होते, अगदी निरुपद्रवी. तिच्या पलीकडे एक मऊ लोंबणारा कोंब होता, त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. तोही निरुपद्रवी. एका काचेवर ग्रंथींची इतकी दाटी होती की पाहणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं, पण ती बाई गर्भार होती आणि गर्भारपणात ग्रंथी अशी गर्दी करतातच. तीही निरुपद्रवी.

आणि माझ्या उजवीकडे एक काच होती, जिच्यावरचा कॅन्सर खरा होता. तिच्या ग्रंथी वाकड्यातिकड्या, एकीच्या पोटात दुसरी, पेशींची केंद्रं काळीभोर, एकावर एक चढलेली.

माझ्या ग्रंथींची केंद्रंही काळी होती. एकावर एक चढल्यासारखी दिसत होती. लांबून पाहिलं, तर मी आणि ती सख्ख्या बहिणी.

पण लांबून का पाहायचं? मला हा प्रश्न तेव्हाही पडला होता आणि आज चार वर्षांनीही पडतो. पाहणं हेच ज्याचं काम, त्याने लांबून का पाहायचं?

ईस्टरच्या सुट्टीआधीचा शेवटचा शुक्रवार होता. या देशात ईस्टरला दहा दिवस कुणी जागेवर नसतं. सगळे डोंगरातल्या आपापल्या लाकडी घरात जातात, बर्फात पाय पसरून बसतात, संत्री सोलतात आणि उन्हाने तोंड भाजून घेतात. एस्किलही निघाला होता. एस्किल आमचा पॅथॉलॉजिस्ट, काचा पाहून निदान करणारा डॉक्टर. अडतिशीतला, हुशार, भरभर बोलणारा. वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

तो दारातूनच म्हणाला, "ऑडवेग, दोनच्या आत सगळ्या काचा स्कॅनरमध्ये घाल. अडीचला मी निघतोय."

"बर्फ तुझ्यासाठी वितळायचा थांबलाय का?"

"बर्फ थांबेल, बायको थांबणार नाही. गाडीत बसून राहिलीये ती, पोरांसकट."

"मग काचा कोण बघणार?"

"मीच. तिथून. आता आमच्या घरात इंटरनेट आलंय."

"आणि संडास?"

"तो अजून बाहेरच आहे."

ऑडवेग मोठ्याने हसली. "धन्य आहे. ढुंगण गारठलं तरी चालेल, पण पडद्यावर गर्भाशय दिसलं पाहिजे."

तोही हसला आणि गेला. मला स्कॅनरमध्ये घातलं गेलं. ते यंत्र म्हणजे एक मोठा छायाचित्रक. त्याने माझ्या अंगावरून प्रकाश सरकवला, एकदा, सरळ, एकाच पातळीवर. नव्वद सेकंदात माझा फोटो निघाला. मग मला खणात ठेवून खण बंद केला.

माझा फोटो एस्किलच्या डोंगरातल्या घरी गेला आणि मी प्रयोगशाळेच्या खणात अंधारात राहिले. त्या दिवसापासून लोक माझ्याबद्दल बोलू लागले. माझ्याशी मात्र कुणी बोललं नाही.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. डोंगरातल्या घरात नेट रडतखडत येत होतं. चित्र आधी धुरकट यायचं आणि मग हळूहळू उघडायचं. एस्किलने काळी केंद्रं पाहिली, चढाचढ पाहिली. त्याने आणखी एक रंग मागवला, तो आमच्या प्रयोगशाळेने सोमवारी लावून दिला. तो रंग खऱ्या दोषी ग्रंथींना सरसकट तपकिरी करतो. माझ्याच बाईच्या दुसऱ्या एका कापाला त्याने फक्त ठिपके ठिपके केले. शिवाय तिच्या तपासणीत या कॅन्सरमागे नेहमी असणारा विषाणूही सापडला नव्हता. खरं तर या दोन्ही गोष्टी तिच्या बाजूच्या होत्या. पण एस्किलने उलटं वाचलं. विषाणूवाचून होणारी एक दुर्मिळ, हट्टी जात असते, ती तर नसेल? संशय चुकीचा नव्हता. पण संशय आला की माणसाने जवळ जायचं असतं ना?

त्याने अहवाल लिहिला. नियमाप्रमाणे दुसरी सही लागते. दुसरी सही विग्दिस नावाच्या डॉक्टरची, ती आपल्या डोंगरातल्या आपल्या घरात होती. तिनेही पडद्यावर पाहिलं आणि खाली एस्किलचं मत वाचलं. दोन डोकी, दोन डोंगर, आणि फोटो एकच.

अहवालात एक ओळ होती: 'आधीची शस्त्रक्रिया: नोंद नाही.' आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीत दोन शब्द होते: 'मुख आखूड.' आखूड का, हे कुणी विचारलं नाही.

बुधवारी डॉक्टरांची पडद्यावरच बैठक झाली. ठरलं की गर्भाशय काढायचं. या देशात कॅन्सरचा संशय आला की दिवस मोजतात. इतक्या दिवसांत तपासणी, इतक्या दिवसांत उपचार. चांगला नियम आहे, हजारोंचे जीव त्याने वाचले असतील. पण चुकीच्या रस्त्यावरही तो तेवढ्याच वेगाने पळवतो. ईस्टरनंतरचा पहिला शुक्रवार ठरला.

मी खणात होते. ओरडता येत असतं तर ओरडले असते. माझ्या अंगावर खूण होती, तिची निर्दोष सुटका करणारी खूण, आणि मी ती घेऊन अंधारात उभी होते. गुन्हा घडताना पाहिलेला साक्षीदार कुलूपबंद करावा आणि बाहेर खटला चालवावा, तसं झालं ते. दहा दिवस. त्या दहा दिवसांत मला एकटेपणा म्हणजे काय ते कळलं. सोबत नसणं म्हणजे एकटेपणा नव्हे. आपल्यापाशी सांगण्यासारखं काही असावं आणि कुणी विचारू नये, तो एकटेपणा.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, प्रयोगशाळेतला फोन वाजला. ऑडवेग डबा उघडून बसली होती. खण त्याच खोलीत होते, त्यामुळे मी ऐकलं. तिच्या एका हातात पाव होता, म्हणून फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावरच ठेवला.

"प्रयोगशाळा."

"मी सिन्ने बोलतेय. मला माहितीये, रुग्णांनी इथे फोन करायचा नसतो."

"मग केलास कशाला?"

"जिथे करायचा असतो, तिथले सगळे उद्या येणार आहेत."

ऑडवेगने पावाचा तुकडा खाली ठेवला. "बोल."

"माझा अहवाल मी संकेतस्थळावर वाचला. त्यात लिहिलंय, आधीची शस्त्रक्रिया नोंद नाही. पण माझी झालीये. सात वर्षांपूर्वी मी फेरो बेटांवर मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाक करायचे. तिथे माझ्या गर्भाशयमुखाचा टोपीसारखा तुकडा काढला होता. काहीतरी किरकोळ होतं, तेव्हाच संपलं."

"हे तू इथल्या डॉक्टरला सांगितलं नाहीस?"

"त्याने विचारलं नाही."

"आणि तू आपणहून?"

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. ती मोटारी वाहून नेणाऱ्या बोटीवर काम करत होती, दोन बेटांच्या मध्ये.

"मला वाटलं, ते असेलच की यंत्रात. सगळं असतंच ना? माझ्या कुत्र्याच्या लशीसुद्धा असतात."

हे ऐकून ऑडवेग हसली नाही. या देशात माणूस जन्मल्यापासून त्याचा एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकामागे त्याचं सगळं आयुष्य चालत येतं. त्यामुळे डॉक्टर विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही. दोघांनाही वाटतं, तिसऱ्याला माहीत आहे. आणि तो तिसरा, म्हणजे यंत्र, समुद्रापलीकडच्या फेरो बेटांवरचं काहीच जाणत नाही.

सिन्ने म्हणाली, "शुक्रवारी माझं गर्भाशय काढणार आहेत. मी बत्तीस वर्षांची आहे. काढायचंच असेल तर काढा, मी रडत बसणार नाही. पण मला मूल हवंय. म्हणून मला एकदा खात्री करायचीये."

"हे बघ, मी तंत्रज्ञ आहे. निदान करणं माझं काम नाही."

"मग तुझं काम काय?"

"कापणं आणि रंगवणं."

"माझा तुकडा तू कापलास?"

"बहुतेक मीच."

"म्हणजे तू तो बघितलास. त्यांनी बघितला का?"

ऑडवेगने चष्मा डोळ्यांवर चढवला. मी खणात श्वास रोखून. काचेला श्वास नसतो म्हणा, पण रोखला.

"तुझा जन्मक्रमांक सांग," ऑडवेग म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने डबा बंद केला. अर्धा पाव तसाच राहिला, आणि चौतीस वर्षांत तिने डबा अर्धा टाकला असेल असं मला वाटत नाही. तिने खण ओढला. उजेड आला. तिची बोटं माझ्या कडांवर आली, तीच बोटं, ज्यांनी मला पाण्यातून उचललं होतं. तिने माझा क्रमांक मोठ्याने वाचला. मला कुणी हाक मारली असेल तर ती तेवढीच.

एस्किल त्याच दिवशी कामावर आला होता. तोंड तांबडंलाल, डोळ्यांभोवती चष्म्याचे पांढरे गोल. त्याच्या खोलीत दोन मोठे पडदे होते. कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक होता, त्याच्यावर धुळीसाठी झाकण आणि झाकणावर कुणीतरी ईस्टरचं पिवळं कापडी पिल्लू बसवलेलं.

ऑडवेगने पिल्लू उचलून त्याच्या टेबलावर ठेवलं, झाकण काढलं आणि मला भिंगाखाली सरकवलं.

"काय चाललंय?" एस्किल म्हणाला.

"बस."

"ही स्कॅन झालीये. सही झालीये. विग्दिसचीही."

"बाईचा फोन आला होता. फेरोला आधी कापलंय तिला. सात वर्षांपूर्वी."

"कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. म्हणूनच तर सांगतेय."

"ऑडवेग, मी ही केस नीट पाहिलीये."

"तू तिचा फोटो पाहिलास. मी काही म्हणत नाही. मी कापणारी बाई. पण तुझ्या त्या घरात नेट किती येतं ते तूच मला सांगितलंयस, आणि संडासात किती थंडी वाजते तेही. बस म्हणते ना."

तो बसला. वैतागून बसला. डोळे लावले, चाक फिरवलं. आधी लांबून, मग जवळून, मग सर्वांत मोठं भिंग. एका ग्रंथीच्या कडेवर आला. तिथे त्याला पडद्यावर दिसली होती तशीच गुळगुळीत कड दिसली असणार.

मग त्याने बारीक चाक जरासं पुढे-मागे केलं.

एवढंच. केसभर वर, केसभर खाली. स्कॅनर एकाच पातळीवर पाहतो, पण मी कागद नाही. माझ्यावरच्या कापाला खोली आहे, तीन-चार हजारांश मिलिमीटरची का होईना. आणि त्या खोलीत माझी खूण होती. ग्रंथीच्या कडेवर, पेशींच्या डोक्यावर, बारीक बारीक रोम. भुईतून उगवलेल्या लव्हाळ्यासारखे, ओळीने.

कॅन्सरच्या ग्रंथींना असे रोम जवळजवळ कधीच नसतात. रोम असतात ते बीजवाहिनीच्या अस्तराला, जे अंडं ढकलत गर्भाशयाकडे नेतं. मग ते खाली मुखाशी कसे आले? तर ते असं: सात वर्षांपूर्वी तिथे जखम झाली. जखम भरली. आणि भरताना ती जागा स्वतःला विसरली आणि वरच्या नळीची नक्कल करू लागली. तिचा गुन्हा काही नव्हता. नवं कातडं कसं शिवायचं ते आठवेना, म्हणून शेजारणीचं पाहून शिवलं.

चाक पुढे-मागे होत राहिलं. दुसरी ग्रंथी, तिसरी, चौथी. सगळीकडे लव्हाळं.

मग तो पडद्याकडे गेला, माझा फोटो उघडला, तीच ग्रंथी शोधली. गुळगुळीत. पुन्हा माझ्याकडे आला.

"रोम आहेत," तो म्हणाला.

ऑडवेग म्हणाली, "मी काही म्हणत नाही."

"तू गप्प बस आता." पण त्याचा आवाज बदलला होता. "फेरोला फोन लाव. जुना अहवाल मागव. मेणाचा ठोकळा काढ, अजून दहा काप घे, सगळ्या पातळ्यांवरचे. आणि ती शुक्रवारची तारीख..." त्याने तांबड्या तोंडावरून हात फिरवला. "ती तारीख मी स्वतः रद्द करतो."

नवे दहा काप घेतले. सगळ्यांत तेच. फेरोचा अहवाल आला, त्यात ती टोपी होती. एस्किलने आम्हाला दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडेही पाठवलं. फोटो नाही, आम्हाला, काचांना, पेटीत घालून. तिथेही कुणीतरी चाक फिरवलं. शुक्रवारी सिन्ने शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हती, बोटीवर मोटारी लावून घेत होती.

जूनमध्ये ती आली.

प्रयोगशाळेत रुग्ण येत नाहीत. पण तिने एस्किलला लिहिलं होतं, 'मला बघायचंय.' तो नाही म्हणू शकला नाही. आमच्याकडे एक सूक्ष्मदर्शक होता, ज्याला दोन माणसांसाठी दोन नळ्या होत्या. एकीकडे एस्किल बसला, दुसरीकडे ती.

माझ्यावरचा तुकडा ज्या शरीरातून आला, त्याचा डोळा माझ्यावर आला. काय सांगू? मला कितीदा तरी पाहिलंय लोकांनी. पण आपलं घर आपल्याला भेटायला आलंय असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

"हे माझं?"

"तुझं. ती कड बघ. मी चाक फिरवतो. दिसलं?"

"हे केस आहेत?"

"रोम."

"हलतात?"

"शरीरात असताना हलतात. हे आता हलणार नाहीत."

ती पाहत राहिली. ऑडवेग दारात उभी होती, हात एप्रनच्या खिशात.

"छान दिसतेय की मी आतून," सिन्ने म्हणाली. "बाहेरून कुणी इतकं म्हणत नाही."

"रंग माझा आहे," ऑडवेग म्हणाली. "फार हुरळून जाऊ नकोस."

दोघी हसल्या. एस्किल हसला नाही. सिन्ने नळीवरचे डोळे न काढता म्हणाली, "तू माझी माफी मागणार आहेस का?"

"मागितलीये. पत्रात लिहिलं होतं."

"ते पत्र यंत्रात आहे. तोंडाने माग."

खोलीत शांतता झाली. इथले लोक अशा शांततेला घाबरत नाहीत, ते तिला बसायला खुर्ची देतात. मग एस्किल म्हणाला, "माझं चुकलं. मी काच काढून बघायला हवी होती. काच दहा पावलांवर होती."

"दहा पावलांवर नव्हती. तू डोंगरात होतास."

"हो. मी डोंगरात होतो."

"बरं," ती म्हणाली. तिने अजून एकदा, शेवटचं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. त्या दिवशी शुक्रवार होता आणि शुक्रवारी प्रयोगशाळेत वॅफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, करतात. ऑडवेगने तिला तपकिरी चीज घातलेलं एक दिलं. खाताना सिन्ने बोटीबद्दल बोलत होती, एका म्हाताऱ्याबद्दल, जो रोज पलीकडच्या बेटावर फक्त कॉफी प्यायला जातो. माझ्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मी भिंगाखालीच राहिले होते, दिवा चालू. मला ते आवडलं. कामाच्या वस्तूला तिच्याबद्दल बोलणं थांबलं की विसावा मिळतो.

पण विसावा लांबला की त्याचं काय होतं, ते मी आता तुम्हाला सांगू शकते.

पुढच्या वर्षी ऑडवेग निवृत्त झाली. जाताना तिने सगळे खण एकदा ओढून पाहिले. माझ्या खणापाशी थांबली की नाही, नक्की सांगता येत नाही. मी म्हणते, थांबली. त्यानंतर वरून कागद आला की सगळ्या काचांचे फोटो आहेत, मग काचा जागा का अडवतात? एस्किलने विरोध केला. त्याने लिहून दिलं की संशयाच्या प्रत्येक ग्रंथीसाठी काच हाताशी हवी, आणि तेवढं त्याला मिळालं. नवी काच आता वर्षभर प्रयोगशाळेतच राहते, आणि त्याच्या सूक्ष्मदर्शकावर झाकण नसतं. त्या पिवळ्या पिल्लाचं काय झालं, ठाऊक नाही. पण आम्ही जुन्या. आमच्या गोष्टी संपलेल्या. आम्हाला मोटारीत घालून इथे, खडकाच्या पोटात आणलं.

इथे बाराही महिने सारखीच थंडी असते. फोटो वर कुठेतरी आहेत, लखलखीत, कुणीही कधीही उघडावेत असे. खऱ्या आम्ही इथे आहोत.

म्हणून सांगते, ज्यांचं काम पाहणं आहे त्यांना. फोटोवर माझा राग नाही. दूरच्या बेटावरच्या बाईचं निदान त्याने लवकर होतं, हे मला कळतं. पण ज्या काचेवरून कुणाचं तरी गर्भाशय जाणार आहे, ती काच एकदा हातात घ्या. उठा, दहा पावलं चाला, खण ओढा. चाक जरा फिरवून पाहा. आणि त्या बाईला विचारा: आधी काही झालंय का, कुठे, कोणत्या समुद्रापलीकडे? आणि तुम्ही, जिच्या शरीराचा तुकडा कुणीतरी तपासतंय, तुम्ही विचारायची वाट पाहू नका. आपणहून सांगा. यंत्रात असेलच, असं धरून चालू नका.

सिन्नेला मूल झालं की नाही, मला माहीत नाही. ते कळायचा काही मार्गच नाही. काचेला बातमी येत नाही. काचेला फक्त बोलावणं येतं.

आणि तीच अडचण आहे. या कोठारात महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी माणूस येतो, हातात क्रमांकांची यादी घेऊन. दिवे लागतात. त्याची पावलं कपाटांमधून वाजत येतात. मला वाटतं, माझ्याकडे यावा. इथे आल्यापासून कुणाचं बोट माझ्या कडेला लागलेलं नाही, उजेड अंगातून आरपार गेलेला नाही. यावा आणि चार एक एक सात म्हणावा. पण मला न्यायला येण्याचं कारण एकच असू शकतं. सिन्नेचं पुन्हा काहीतरी बिघडलंय आणि कुणाला तरी जुनं ताडून पाहायचंय.

मग पावलं जवळ येतात तशी मी मनात म्हणते, नको. पुढे जा. दुसऱ्या खणाकडे जा.

तो पुढे जातो. दुसरा खण उघडल्याचा आवाज येतो. ती बरी आहे, मी स्वतःला सांगते. बोट आत्ता मधल्या समुद्रात असेल, म्हातारा कॉफी प्यायला निघाला असेल.

मग दिवे विझतात.